सिबिल ५८७ असताना 'खात्रीशीर मंजुरी'चे क्रेडिट कार्ड घ्यावे का?

धायरीची डबेवाली

नमस्कार. मी सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याजवळ राहते आणि घरून पोळी-भाजीचे डबे देते. यजमान भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत होते. २०२० च्या टाळेबंदीत ते काम गेले आणि फ्रीजचे व एका वैयक्तिक कर्जाचे असे दोन हप्ते चार-पाच महिने थकले. पुढे आम्ही दोन्ही कर्जे पै-पैसह फेडली, पण मागच्या महिन्यात एका ॲपवर पाहिले तर यजमानांचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून पत सांगणारा आकडा, ५८७ दिसला. माझ्या नावावर कधीच कर्ज नसल्याने माझा स्कोअरच नाही.

मुलगा पुढच्या वर्षी डिप्लोमाला जाईल. तेव्हा शैक्षणिक कर्ज लागणार असल्याने यजमानांचा स्कोअर आतापासून सुधारावा, अशी आमची इच्छा आहे. गेल्या आठवड्यात स्वारगेट मेट्रो स्थानकाबाहेर टेबल टाकून बसलेल्या एका मुलाने त्यांना गाठले. सिबिल कितीही असले तरी कार्ड मंजूर होईल, वापरले की स्कोअर आपोआप वर जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. मर्यादा २०,००० रुपयांची, प्रवेश शुल्क १,४९९ रुपये, शिवाय 'कार्ड सुरक्षा' म्हणून दरमहा १८९ रुपयांचा विमा. 'फाईल चार्ज' म्हणून १,५०० रुपये तो स्वतःच्या नंबरवर यूपीआयने मागतो आहे. यजमानांनी अजून काही दिलेले नाही, पण आधार आणि पॅन यांच्या झेरॉक्स मात्र दिल्या आहेत.

कार्ड घेतल्याने स्कोअर खरोखर सुधारतो का, आणि आमच्यासारख्यांनी नेमके कशाकशाला जपावे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. व्याज, मिनिमम ड्यू हे शब्द ऐकून आहे, पण त्यांचा हिशोब कोणी कधी समजावून सांगितलेला नाही.

निवृत्त शाखाधिकारी, सदाशिव पेठ

ताई, पैसे देण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. सर्वांत आधी त्या १,५०० रुपयांबद्दल लिहितो. कोणतीही बँक कार्डाच्या अर्जासाठी एजंटाच्या खासगी नंबरवर पैसे मागत नाही. कार्डाचे जे काही शुल्क असेल ते कार्डाच्या पहिल्या बिलात येते. म्हणून तो मुलगा बँकेचा अधिकृत प्रतिनिधी असो वा नसो, ते पैसे देऊ नका. झेरॉक्स दिल्या आहेत तर पुढचे दोन-तीन महिने यजमानांच्या पत अहवालावर, म्हणजे ज्या नोंदींवरून हा स्कोअर काढतात त्यांच्यावर, लक्ष ठेवा. त्यांच्या पॅनवर कोणी कर्जाची चौकशी केली किंवा नवे खाते उघडले तर ते तिथे उमटते. यापुढे झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवी सही करून तारीख आणि 'फक्त अमुक कामासाठी' असे लिहीत जा.

आता मूळ प्रश्न. कार्ड खिशात असल्याने स्कोअर वाढत नाही. दर महिन्याचे बिल वेळेवर आणि पूर्ण भरल्याची नोंद साठत गेली, तर तो हळूहळू वाढतो. कमी स्कोअरवाल्याची अडचण अशी की, त्याला जे कार्ड सहज मिळते त्यात ही नोंद बिघडण्याच्या जागाच अधिक असतात. मर्यादा लहान असते, शुल्क मोठे असते, आणि बिल भरणाऱ्याच्या हातात पैसे मोजकेच असल्याने एखादा महिना इकडचे तिकडे झाला की सगळे गणित ढासळते.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. १,४९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की १,७६८ रुपये ८२ पैसे होतात. म्हणजे कार्डावर एका रुपयाचीही खरेदी न करता पहिल्याच बिलात २०,००० पैकी जवळजवळ ९ टक्के मर्यादा वापरलेली दिसेल, आणि 'मी कार्ड वापरलेच नाही, मग बिल कसले' असे समजून यजमानांनी ते भरले नाही, तर उशिराची नोंद आणि विलंब शुल्क हे दोन्ही लागेल. कार्ड कपाटात ठेवून दिले आणि वार्षिक शुल्काने थकबाकीदार झाले, अशी कितीतरी माणसे मी शाखेत समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणीही लबाड नव्हते, फक्त बिल कशाचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

मर्यादा लहान असण्याचा आणखी एक तोटा आहे. मर्यादेच्या किती टक्के रक्कम वापरली आहे हे स्कोअर काढताना पाहिले जाते, आणि साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावे असे मानतात. २०,००० च्या कार्डावर हे झाले ६,००० रुपये. तुम्ही डब्यांसाठी १४,००० रुपयांची मोठी शेगडी कार्डावर घेतलीत तर वापर ७० टक्क्यांवर जातो. मग तुम्ही पैसे वेळेवर भरले तरी त्या महिन्यात ओढाताणीतला कर्जदार अशीच तुमची नोंद दिसते.

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त माणसे फसतात ती सांगतो, जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा, ५ जूनला तुम्ही १२,००० रुपयांची खरेदी केली. १५ जूनला बिल निघाले, भरण्याची शेवटची तारीख ५ जुलै. त्या दिवशी हाताशी ११,००० रुपये होते, ते तुम्ही भरले आणि १,००० राहिले. सरळ मनाचा माणूस म्हणेल की व्याज राहिलेल्या हजारावर लागेल. तसे होत नाही. पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदतीची सवलतच रद्द होते, आणि व्याज पूर्ण १२,००० रुपयांवर खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ५ जूनपासून मोजले जाते. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला, तर ३० दिवसांचे सुमारे ४१४ रुपये, त्यानंतर १५ जुलैच्या बिलापर्यंत राहिलेल्या हजाराचे १० दिवसांचे साडेअकरा रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून साधारण ५०२ रुपये होतात. हजार रुपये कमी पडले म्हणून पाचशे रुपये! शिवाय ६ जुलैला तुम्ही मार्केट यार्डातून जो किराणा कार्डावर आणाल, त्यालाही त्याच दिवसापासून व्याज लागेल, कारण मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत ती सवलत परत मिळत नाही.

रोख रक्कम काढण्याचा मोह तर अजिबात नको. भाजीवाल्याला रोख द्यायची म्हणून एटीएममधून कार्डावर ५,००० काढले, तर अनेक बँकांत किमान ५०० रुपये शुल्क, त्यावर जीएसटी, आणि काढल्या क्षणापासून व्याज. महिनाभरात परत केले तरी सुमारे ७९४ रुपये जातात. त्यापेक्षा घरातली एखादी अंगठी बँकेत ठेवून घेतलेले सोनेतारण कर्ज किती तरी स्वस्त पडते, आणि ते वेळेवर फेडले तर त्याची चांगली नोंदही अहवालात येते.

विम्याचे १८९ रुपये तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कोणी लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांसाठी जे निर्देश काढले, त्यांत न मागता कार्ड देण्यास बंदी आहे, आणि ग्राहकाला न विचारता मर्यादा वाढवण्यासही आहे. न मागितलेले कार्ड चालू करून त्याचे बिल लावले, तर ते शुल्क परत करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला देण्याची तरतूद आहे. पण अर्जावर बारीक अक्षरांतल्या चौकोनात तुमच्याच हातची खूण असेल तर या नियमांचा आधार घेणे अवघड होते. म्हणून अर्ज एजंटाकडून भरून घेऊ नये, स्वतः भरावा.

आणि एक. या कार्डाला नकार मिळाला म्हणून दुसरीकडे, तिथूनही नाही म्हणाले म्हणून तिसरीकडे, असे अर्ज करत जाऊ नका. प्रत्येक अर्जाबरोबर कर्जदात्याची चौकशी अहवालात उमटते आणि थोड्या दिवसांत पाच-सहा चौकश्या दिसल्या की पुढचा कर्जदाता बिचकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

भोसरी एमआयडीसी

वहिनी, तुमच्या यजमानांसारखाच मी कामगार माणूस आहे आणि मला हा धडा फार महाग पडला आहे. तो सगळा लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल.

२०२१ मध्ये बायकोच्या आजारपणात ३०,००० मर्यादेच्या कार्डावर २८,००० रुपये खर्च झाले. बिलावर दोन आकडे असतात. वर मोठ्या अक्षरांत एकूण रक्कम २८,००० आणि तिच्या शेजारी किमान देय, म्हणजेच मिनिमम ड्यू, १,४००. मला वाटले, बँकेने माणुसकी दाखवून हप्ता बांधून दिला आहे. मी दर महिन्याला न चुकता १,४०० भरू लागलो, आणि वेळेवर भरतो आहे याचे मनात समाधानही होते. बिलाच्या खालच्या बाजूला, फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड अनेक महिने-वर्षे लांबते आणि चक्रवाढ व्याज लागते, असा इशारा छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेनेच तो छापायला लावला आहे. मी तो कधी वाचला नाही.

हिशोब असा होता. २८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ९८० रुपये व्याज, त्यावर १७६ रुपये ४० पैसे जीएसटी, म्हणजे १,४०० पैकी १,१५६ रुपये ४० पैसे तिथेच गेले. मूळ रकमेतून कमी झाले २४३ रुपये ६० पैसे. अकरा महिन्यांत मी १५,४०० रुपये भरले आणि थकबाकी साधारण २४,७०० वर आली. सव्वातीन हजारांच्या आसपास कर्ज फिटले, बाकीचे बारा हजार व्याज आणि करात गेले. त्या काळात मी कार्डावर एक चहासुद्धा घेतला नव्हता.

नंतर ओव्हरटाईम बंद झाला आणि १,४०० सुद्धा भरणे जमेना. विलंब शुल्क, व्याज असे चढत चढत ते ४१,००० च्या घरात गेले. वसुलीवाल्यांचे फोन शेजाऱ्यांपर्यंत जाऊ लागले. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. नाही तर रात्री साडेनऊला मुलांसमोर बोलणी खाल्ली नसती.

२०२३ मध्ये बँकेच्या माणसाने सांगितले, १९,००० एकरकमी भरा, प्रकरण मिटवून टाकतो. मी चुलत्याकडून उसने घेऊन भरले. प्रकरण मिटले असेच मी धरून चाललो. पुढे मोशीला एक लहान घर बघितले, कर्जाचा अर्ज केला, आणि तो फेटाळला गेला. अहवालात त्या कार्डापुढे 'सेटल्ड' असे लिहिले होते. याचा अर्थ या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, कर्जदात्याने नुकसान सोसून खाते बंद केले. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' लिहिलेले असते. त्या एका शब्दासाठी मला बँकेशी पत्रव्यवहार करून सोडून दिलेले २२,००० पुन्हा भरावे लागले, ना हरकत दाखला घ्यावा लागला आणि अहवाल दुरुस्त व्हायला पुढे आणखी काही आठवडे गेले. तोपर्यंत ते घर दुसऱ्याने घेतले होते.

तेव्हा वहिनी, कार्ड घेतलेच तर बिलावरचा फक्त मोठा आकडा पाहा. छोटा आकडा तुमच्यासाठी नाही असेच समजा. आणि तडजोडीची वेळ कोणावर आलीच, तर सही करण्यापूर्वी अहवालात कोणता शब्द जाणार आहे ते लेखी मागून घ्या.

कात्रजचा वाचक

माझ्या माहितीप्रमाणे क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, तसा ग्राहक आयोगाचा निकाल आहे. मग वर दिलेला ४२ टक्के दर बेकायदा ठरत नाही का? भोसरीच्या मित्रांनी जास्तीचे व्याज परत मागायला हवे.

निवृत्त शाखाधिकारी, सदाशिव पेठ

तो निकाल आता लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती हे खरे, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. बँकांनी किती व्याज घ्यावे हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असे त्या निकालाचे सार आहे, आणि रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या व्याजाला आकड्यांत कमाल मर्यादा घातलेली नाही. मला स्वतःला हा निकाल सामान्य कर्जदाराच्या दृष्टीने जड वाटतो. परंतु 'व्याज फार झाले तर कोर्ट कमी करील' या भरवशावर कोणी कार्ड वापरू नये, म्हणून हे स्पष्ट लिहिले. कार्ड घेण्यापूर्वी दर विचारायचा तो महिन्याचा विचारू नका, वर्षाचा विचारा. साडेतीन ऐकायला लहान वाटते.

कर्वेनगरची शिक्षिका

सगळेच निराशेचे वाटू नये म्हणून एक जमलेली गोष्ट सांगते. माझा स्कोअर तीन वर्षांपूर्वी ६१२ होता. मी भावाला जामीन राहिले होते आणि त्याचे हप्ते थकल्याने माझ्या नावालाही डाग लागला होता. (जामीन राहणाऱ्याच्या अहवालातही ते कर्ज दिसते, हे मला तेव्हा कळले.) माझे पगाराचे खाते ज्या बँकेत होते तिथल्या बाईंनी मला मुदत ठेवीवरचे कार्ड सुचवले. अशा कार्डाला स्कोअर फारसा पाहत नाहीत, कारण बँकेकडे तुमचीच ठेव तारण असते.

मी २५,००० रुपयांची ठेव ठेवली, त्यावर २०,००० मर्यादेचे कार्ड मिळाले. ठेवीवरचे व्याज मला मिळतच राहिले. प्रवेश शुल्क नव्हते. वार्षिक शुल्क असते का आणि कोणत्या वर्षापासून, हे मात्र मी लेखी विचारून घेतले होते. या कार्डावर मी दोनच खर्च टाकले, महावितरणचे बिल आणि मोबाईलचे रिचार्ज. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. कार्ड मी पर्समध्ये ठेवत नव्हते, ते गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली असे.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण माझी तिथेच चूक होणार होती. बिल खात्यातून आपोआप कापले जावे म्हणून जो अर्ज असतो, त्यात 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम' असे दोन चौकोन असतात. काउंटरवरच्या मुलाने घाईत किमान रकमेपुढे खूण केली होती. सही करताना माझ्या लक्षात आले म्हणून ते बदलून घेतले, नाही तर मी वर्षभर निर्धास्त राहिले असते आणि आत व्याज चढत राहिले असते. तुम्ही घेतलेत तर तो अर्ज दोनदा वाचा, आणि पैसे कापले जाण्याच्या दिवशी खात्यात शिल्लक आहे ना ते पाहा, कारण शिल्लक नसल्याने पैसे कापले गेले नाहीत तर दोन्हीकडून दंड बसतो.

दुसरे म्हणजे, रुपे कार्ड यूपीआयला जोडता येते. सोय चांगली आहे, पण माझ्या वहिनीने ते जोडले आणि चार महिन्यांत तिच्या लक्षात आले की तुळशीबागेतल्या टिकल्यांपासून वडापावपर्यंत सगळे कार्डावर जाते आहे. खात्यातले पैसे कमी होताना दिसतात, त्यामुळे हात आखडतो. कार्डावरचे दिसत नाहीत. स्कोअर सुधारण्यासाठी कार्ड घेत असाल तर ते यूपीआयला जोडूच नका.

मला ६१२ वरून ७३० च्या पुढे जायला साधारण दीड वर्ष लागले. सगळ्यांना तेवढाच काळ लागेल असे नाही, कारण प्रत्येकाच्या अहवालातले डाग वेगळे असतात. पण ताई, तुमच्या नावावर काहीच इतिहास नाही, म्हणजे डागही नाही. असे कार्ड यजमानांऐवजी तुमच्या नावाने घेण्याचा विचार करून पाहा. मुलाच्या कर्जात सहकर्जदार म्हणून तुमचेही नाव लागू शकते, आणि डब्यांचे पैसे तुमच्या खात्यात येत असतील तर तेही उपयोगी पडेल. फक्त एक लक्षात ठेवा, ठेव तारण आहे म्हणून बिल चुकले तरी चालेल असे नसते. बँक ठेव मोडून पैसे वळते करून घेते आणि थकल्याचे दिवस अहवालात लिहिले जातात ते जातातच.

धायरीची डबेवाली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भोसरीच्या दादांचे उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून त्या मुलाला फोन करून कार्ड नको असे सांगितले. झेरॉक्स परत मागितल्या, त्याने फाडून टाकल्या असे म्हणाला.

काल रात्री मुलाच्या मदतीने यजमानांचा पूर्ण अहवाल काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो हे माहीतच नव्हते. त्यात एक धक्का बसला. फ्रीजचे कर्ज आम्ही २०२२ मध्ये पूर्ण फेडले, शेवटच्या हप्त्याची पावती आणि ना हरकत दाखला दोन्ही माझ्या पोळ्यांच्या हिशोबाच्या वहीत चिकटवून ठेवले आहेत, तरीही अहवालात ते खाते अजून चालू दिसते आणि त्यावर १,८४० रुपये थकबाकी दाखवली आहे. म्हणजे दर महिन्याला यजमान थकबाकीदार म्हणून नोंदले जात आहेत. वैयक्तिक कर्ज मात्र बरोबर 'क्लोज्ड' दिसते.

आता याला काय करावे? आमच्या ओळखीचे एक जण आहेत, ते म्हणतात की ८,००० रुपये दिले तर पंधरा दिवसांत स्कोअर ७५० करून देणारा माणूस बिबवेवाडीत बसतो. त्याच्याकडे जाऊ का?

निवृत्त शाखाधिकारी, सदाशिव पेठ

जाऊ नका. अहवालातली नोंद फक्त दोघे बदलू शकतात, ज्या संस्थेने कर्ज दिले ती, आणि तिने दुरुस्ती कळवल्यावर हा अहवाल तयार करणारी पत माहिती कंपनी. तिसऱ्या कोणाच्याही हातात काही नसते. तो माणूस फार तर तुमच्या नावाने तीच तक्रार ऑनलाइन टाकील, जी तुमचा मुलगा दहा मिनिटांत फुकट टाकू शकतो.

तुमच्याकडे ना हरकत दाखला आहे, त्यामुळे काम सोपे आहे. प्रथम अहवालाच्या वर असलेला नियंत्रण क्रमांक (कंट्रोल नंबर) आणि त्या कर्जखात्याचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. मग पत माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वादाची (डिस्प्यूट) नोंद करा. त्यात थकबाकीची रक्कम चुकीची आणि खाते बंद झाल्याची तारीख नोंदलेली नाही, अशा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दाखल्याची प्रत जोडून ईमेल करा. तोंडी सांगून किंवा ग्राहक सेवेला फोन करून थांबू नका. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत ती निकाली काढणे बंधनकारक आहे. त्यातले पहिले २१ दिवस कर्जदात्याला दुरुस्ती कळवण्यासाठी असतात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्जदात्याने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. माहिती हवी असल्यास १४४४८ हा क्रमांक आहे.

भारतात अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. चौघींकडे ही चूक आहे का ते एकदा पाहून घ्या, कारण शैक्षणिक कर्ज देणारी बँक कोणाचा अहवाल मागवील ते आपल्या हातात नसते. पुढच्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढलात तर वर्षभर लक्ष राहील.

ही चूक निस्तरेपर्यंत यजमानांच्या नावाने कोणताही नवा अर्ज करू नका. जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती मान्य झाली की पूर्वीसारखे दोन-दोन महिने वाट पाहावी लागत नाही. कर्वेनगरच्या बाईंनी सुचवलेले ठेवीवरचे कार्ड तुमच्या नावाने काढायचे असेल तर मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. ज्या बँकेत डब्यांचे पैसे जमा होतात तिथेच विचारा, आणि ठेवीची रक्कम अशी ठेवा की ती वर्षभर मोडावी लागणार नाही. मुलाची फी त्यात गुंतवू नका.

वादाची नोंद केल्यावर जो तक्रार क्रमांक येईल तो दाखल्याशेजारी त्याच वहीत तारखेसह लिहा. तिसाव्या दिवशी काही हालचाल नसेल तर इथे कळवा, लोकपालाकडच्या अर्जात काय लिहायचे ते मी लिहून देतो.